नामसाधर्म्य आणि राजकीय हिंसा : ‘ज्युलिअस सीझर’ नाटकातील दोन सिन्नांचे पुनर्वाचन

सारांश

विल्यम शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’ या नाटकातील तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश हा सिन्ना नावाच्या कवीच्या हत्येचा प्रवेश आहे. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एकाचे नावही सिन्ना असल्यामुळे जमाव या निरपराध कवीला ठार करतो. हा प्रवेश म्हणजे जमावाच्या अविवेकाचे एक उपकथानक होय, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. रोमन नामपद्धती, प्राचीन साधनांतील दोन सिन्नांची हकिकत आणि शेक्सपिअरने मूळ साधनात केलेले बदल यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, नामसाधर्म्य हे या नाटकातील राजकारणाचे प्रमुख साधन आहे. ब्रूटसला कटात ओढणारी आणि कवी सिन्नाचा बळी घेणारी शक्ती एकच आहे.

बीजशब्द : नामसाधर्म्य, रोमन नामपद्धती, सिन्ना, ब्रूटस, प्लुटार्क, जमाव, राजकीय हिंसा.

प्रस्तावना

‘ज्युलिअस सीझर’ हे नाटक १५९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात थॉमस प्लाटर या स्वित्झर्लंडच्या प्रवाशाने सीझरविषयीचे एक नाटक पाहिल्याची नोंद आपल्या प्रवासवृत्तात केली आहे आणि ते हेच नाटक असावे असे सामान्यतः मानले जाते. नाटकाची संहिता मात्र शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर, १६२३ च्या फोलिओ आवृत्तीत प्रथम छापली गेली. सर थॉमस नॉर्थ यांनी १५७९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्लुटार्कच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर हा या नाटकाचा मुख्य आधार होय. हे भाषांतरही मूळ ग्रीकवरून झालेले नसून झाक आमियो यांच्या फ्रेंच भाषांतरावरून झालेले आहे.

या नाटकावरील चर्चा बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते. नाटकाचा नायक सीझर की ब्रूटस, ब्रूटसचे कृत्य नैतिक की अनैतिक, आणि अँटनीच्या भाषणाचे वक्तृत्वसामर्थ्य कशात आहे, हे ते प्रश्न होत. वर्गात हे नाटक शिकविताना अँटनीच्या भाषणावर कित्येक तासिका खर्च होतात आणि त्यानंतरचा सुमारे चाळीस ओळींचा सिन्ना-प्रवेश मात्र काही मिनिटांत उरकला जातो. अँटनीने पेटविलेल्या जमावाचे हे उदाहरण होय, एवढे सांगितले की शिक्षकाचे काम संपते. रंगभूमीचा इतिहासही याहून फार वेगळा नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील प्रयोगांत हा प्रवेश बहुधा गाळला जात असे. १९३७ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी न्यूयॉर्क येथे आधुनिक पोशाखात आणि फॅसिझमच्या पार्श्वभूमीवर या नाटकाचा प्रयोग केला. त्यात कवी सिन्नाच्या मृत्यूला त्यांनी मध्यवर्ती महत्त्व दिले आणि या प्रवेशाची ताकद प्रेक्षकांच्या ध्यानात आली.

तथापि, वेल्स यांच्या प्रयोगामुळेही या प्रवेशाकडे पाहण्याची दृष्टी जमावाच्या मानसशास्त्रापुरतीच राहिली. हा मनुष्य नेमका नावामुळे का मरतो, हा प्रश्न मागे पडला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोमन नामपद्धती आणि नामसाधर्म्य

प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळातील प्रतिष्ठित रोमन पुरुषाचे नाव सामान्यतः तीन भागांचे असे. पहिले व्यक्तिनाम, दुसरे कुलनाम आणि तिसरे त्या कुळातील शाखा दर्शविणारे उपनाम. गायस ज्युलिअस सीझर या नावात गायस हे व्यक्तिनाम, ज्युलिअस हे कुलनाम आणि सीझर हे उपनाम होय. मराठी नामपद्धतीतही तीन भाग असतात. परंतु येथील पहिले नाव त्या व्यक्तीचे स्वतःचे म्हणून निवडलेले असते आणि मधले नाव पित्याचे असते. रोमन पद्धतीत पहिल्या नावाला असे वैयक्तिक महत्त्व फारसे नव्हते. नित्य वापरातील पुरुषांची व्यक्तिनामे वीसच्या आतच होती आणि घराण्यात तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या दिली जात. सीझरच्या पित्याचे नावही गायस ज्युलिअस सीझर असेच होते. स्त्रियांच्या बाबतीत तर कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच नाव असे. त्यामुळे सीझरची आत्या ज्युलिया, त्याच्या दोन्ही बहिणी ज्युलिया आणि त्याची कन्याही ज्युलियाच होती.

या पद्धतीत नाव हे मुळात व्यक्तीचे नसून घराण्याचे असते. व्यक्ती काही काळ ते धारण करते आणि पुढच्या पिढीकडे सोपविते. पूर्वजांचे पराक्रम आणि पूर्वजांचे वैर ही दोन्ही नावासोबत वारशाने येतात. समाजव्यवहारात मनुष्याला पूर्ण नावाने न संबोधता एखाद्याच भागाने संबोधले जाई. अशा वेळी निरनिराळ्या घराण्यांतील माणसेही एकाच नावाची भासत. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

शेक्सपिअरला नामसाधर्म्याचे भान होते याचा पुरावा त्याच्या दुसऱ्या एका नाटकात मिळतो. ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये बॅसॅनिओ आपल्या पोर्शियाची तुलना केटोची कन्या आणि ब्रूटसची पत्नी असलेल्या पोर्शियाशी करतो. म्हणजे ‘ज्युलिअस सीझर’ लिहिण्यापूर्वीच दोन व्यक्तींमध्ये नावाने जुळणारे नाते त्याच्या विचारात आलेले होते.

इतिहासातील दोन सिन्ना

सिन्ना हे उपनाम प्रथम रोमच्या राजकारणात गाजले ते लुसियस कॉर्नेलियस सिन्ना या नेत्यामुळे. इ.स.पू. ८७ ते ८४ अशी सलग चार वर्षे तो कॉन्सल होता. सुल्लाचा तो कट्टर विरोधक होता आणि इ.स.पू. ८४ मध्ये त्याच्याच सैनिकांनी बंड करून त्याला ठार केले. त्याची कन्या कॉर्नेलिया ही सीझरची पत्नी होय. सुल्लाने तिला सोडून देण्याची आज्ञा केली असता सीझरने ती मानली नाही. याच नेत्याचा मुलगा, त्याचेही नाव लुसियस कॉर्नेलियस सिन्नाच, इ.स.पू. ४४ मध्ये प्रीटर या पदावर होता. नात्याने तो सीझरचा मेहुणा. सीझरच्या हत्येनंतर त्याने जाहीरपणे मारेकऱ्यांची बाजू घेतली आणि जुलमी सत्ताधीशाने दिलेले पद म्हणून प्रीटरची वस्त्रे उतरवून टाकली, असे अ‍ॅपियन सांगतो. तो कटात प्रत्यक्ष सामील होता की त्याने नंतर केवळ समर्थन केले, याबाबत प्राचीन साधनांत एकवाक्यता नाही. प्लुटार्क आणि डिओ त्याला कटवाल्यांत गणतात; सुएटोनियस मात्र त्याच्या सीझरविरोधी भाषणाचाच उल्लेख करतो.

दुसरा सिन्ना म्हणजे गायस हेल्व्हियस सिन्ना. त्या वर्षी तो जनतेचा ट्रिब्यून होता आणि सीझरच्या पक्षाचा होता. हाच कवी सिन्ना असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कॅटलसचा हा मित्र. ‘झ्मिर्ना’ हे त्याचे छोटे पण अतिशय घडीव काव्य पूर्ण व्हायला नऊ वर्षे लागली, असे कॅटलसने कौतुकाने नोंदविले आहे. या काव्याच्या अवघ्या काही ओळी आज उपलब्ध आहेत.

दोन्ही नावे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. एक लुसियस कॉर्नेलियस, दुसरा गायस हेल्व्हियस. तीनांपैकी दोन भाग वेगळे, केवळ तिसरा समान. त्या तिसऱ्या भागाने हेल्व्हियसचा जीव घेतला. इ.स.पू. ४४ च्या १५ मार्च रोजी सीझरची हत्या झाली आणि काही दिवसांनी झालेल्या अंत्यसंस्काराच्या वेळी जमावाने त्याला कॉर्नेलियस सिन्ना समजून ठार केले. व्हॅलेरियस मॅक्सिमसने ही घटना प्रमादाचे उदाहरण म्हणून दिली आहे. सुएटोनियसच्या मते त्याचे शिर भाल्यावर मिरविण्यात आले. अ‍ॅपियनच्या मते त्याच्या देहाचा अंत्यसंस्कारापुरताही भाग उरला नाही.

डिओने यापुढची एक हकिकत दिली आहे. गायस कॅस्का नावाचा आणखी एक ट्रिब्यून होता. सीझरवर पहिला वार करणारा पब्लियस सर्व्हिलियस कॅस्का हाही ट्रिब्यूनच. सिन्नाची गत पाहून गायस कॅस्का घाबरला आणि त्या कॅस्काशी आपले साम्य केवळ नावापुरते असून मते भिन्न आहेत, असे त्याने जाहीर निवेदन काढले. शेक्सपिअरने ही हकिकत वापरलेली नाही. परंतु त्या आठवड्यात रोममध्ये नाव धारण करणे किती धोक्याचे झाले होते, याची यावरून कल्पना येते. ज्या समाजात आपण कोण आहोत हे सांगण्यापेक्षा आपण कोण नाही हे सांगणे निकडीचे होते, त्या समाजाची राजकीय प्रकृती बिघडलेली असते.

आधुनिक संशोधनातही हा घोळ संपलेला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. मारला गेलेला ट्रिब्यून आणि कवी हे एकच होते का, असा प्रश्न मन्रो डॉइश यांनी १९२५ मध्ये उपस्थित केला. व्हर्जिलच्या नवव्या गोपगीतात सिन्नाचा आलेला उल्लेख हा या शंकेला बळ देणारा मुद्दा मानला गेला. पुढे टी. पी. वाइझमन (१९७४) आणि जे. डी. मॉर्गन (१९९०) यांनी दोघे एकच असल्याच्या बाजूने मांडणी केली. मॉर्गन यांनी ओव्हिडच्या ‘इबिस’ या काव्यातील एका संदर्भाचा आधार घेतला. ‘झ्मिर्ना’च्या कवीला त्याच्या उपनामाने घात केला, असा तो संदर्भ आहे. जमावाने विचारलेला ‘कोणता सिन्ना?’ हा प्रश्न अशा रीतीने दोन हजार वर्षांनंतर विद्वानांनाही सोडवावा लागला. फरक एवढाच की, विद्वानांनी उत्तराची वाट पाहिली.

चूक की निवड?

प्लुटार्कने ही घटना सीझरच्या आणि ब्रूटसच्या अशा दोन्ही चरित्रांत सांगितली आहे. सिन्नाला आदल्या रात्री स्वप्न पडते. सीझर त्याला मेजवानीला बोलावतो आणि तो नको म्हणत असता हाताला धरून नेतो. अंगात ताप असूनही सिन्ना सीझरच्या अंत्यविधीला जातो. गर्दीत कोणी तरी त्याचे नाव सांगतो, ते कर्णोपकर्णी पसरते आणि हाच तो मारेकरी, अशी समजूत होऊन जमाव त्याला ठार करतो. प्लुटार्कच्या कथनात ही शोकजनक चूक आहे. लोकांना खरे कळले असते तर तो वाचला असता, असे मानायला तेथे जागा आहे.

शेक्सपिअरने नेमकी हीच जागा काढून घेतली आहे. त्याच्या नाटकात जमाव सिन्नाला गाठतो आणि प्रश्नांची सरबत्ती करतो. नाव काय, चालला कोठे, राहतो कोठे, लग्न झालेले की अविवाहित. उत्तरे सरळ, थोडक्यात, शहाणपणाने आणि खरी असावीत, अशी तंबीही दिली जाते. सिन्ना विनोदाच्या ढंगाने उत्तरे देतो आणि आपण सीझरचा मित्र म्हणून अंत्यविधीला चाललो आहोत, हे सांगतो. शेवटी नावाची पाळी येते. तो ‘सिन्ना’ एवढेच सांगतो आणि हल्ला सुरू होतो. आपण कवी सिन्ना आहोत, कटवाले नव्हे, असे तो ओरडून सांगतो. जमाव ते ऐकतो, समजून घेतो आणि तरीही थांबत नाही. एक जण म्हणतो की, त्याच्या वाईट कवितांसाठी त्याला फाडा. दुसरा म्हणतो की, कटवाला नसला तरी हरकत नाही, त्याच्या काळजातून तेवढे नाव उपटून काढा.

हा बदल मूलगामी आहे. प्लुटार्कच्या जमावाला माहिती नसते. शेक्सपिअरच्या जमावाला माहिती मिळते आणि ती निरुपयोगी ठरते. येथे चूक राहिलेली नाही, निवड झालेली आहे. त्यामुळे या प्रवेशाला ‘चुकीच्या ओळखीचा’ प्रवेश म्हणणे यथार्थ नाही. ओळख पटल्यानंतरच सिन्ना मरतो. जमावाला माणूस नको आहे, नाव हवे आहे. माणूस त्या नावाचे पात्र म्हणून फोडला जातो.

आपली वेगळी ओळख देण्यासाठी नाटकातला सिन्ना ‘हेल्व्हियस’ हे कुलनाम वापरत नाही. तो ‘कवी’ म्हणजे आपला व्यवसाय सांगतो. व्यक्तीची ओळख घराण्यावरून न होता तिच्या कर्मावरून व्हावी, अशी ही मागणी आहे. जमाव ती ऐकतो आणि वाईट कवितांचा विनोद करून फेटाळतो. एका काव्यावर नऊ वर्षे खपलेल्या कवीच्या वाट्याला हा विनोद यावा, हा इतिहासाचा क्रूर उपहास होय.

चिठ्ठ्या वाहणारा सिन्ना

सिन्ना-प्रवेश हे केवळ उपकथानक नव्हे, याचा सर्वांत सबळ पुरावा पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहे. तेथे कटवाला सिन्ना प्रथम रंगमंचावर येतो. वादळी रात्र आहे. अंधारात कोणी तरी येत आहे हे पाहून कॅस्का सावध होतो. कॅशियस मात्र त्याला चालीवरून ओळखतो आणि हा सिन्नाच, मित्र आहे, असे सांगतो. लगेच तो सिन्ना स्वतः कॅस्काला मेटेलस सिंबर समजून चुकतो. काही ओळींच्या अवकाशात नाटककाराने ओळखण्याच्या दोन रीती दाखविल्या आहेत. मित्र माणसाला चालीवरून ओळखतो. पुढे जमाव त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला केवळ नावावरून ‘ओळखणार’ आहे.

यानंतर कॅशियस या सिन्नावर एक कामगिरी सोपवितो. त्याने काही चिठ्ठ्या घेऊन जायच्या आहेत. एक ब्रूटसच्या दृष्टीस पडेल अशी प्रीटरच्या आसनावर ठेवायची, एक त्याच्या खिडकीतून आत टाकायची आणि एक प्राचीन ब्रूटसच्या पुतळ्यावर मेणाने चिकटवायची. हा प्राचीन ब्रूटस म्हणजे लुसियस ज्युनियस ब्रूटस. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये त्याने टार्क्विन राजाला हाकलून प्रजासत्ताकाची स्थापना केली. चिठ्ठ्यांचा आशय एकच, की त्या ब्रूटसचे नाव धारण करणाऱ्याने स्वस्थ बसू नये.

प्लुटार्कच्या कथनात हे लेखन रोमच्या नागरिकांचे आहे. नाटकात ते कॅशियसने निरनिराळ्या हस्ताक्षरांत करविलेले बनावट लेखन आहे. ते पोहोचविण्याचे काम सिन्नाला देणे हीदेखील शेक्सपिअरची योजना. आता दोन्ही घटना शेजारी ठेवाव्यात. एक सिन्ना ब्रूटस या समान नावाचे अस्त्र पोहोचवितो. दुसरा सिन्ना समान नावाच्या अस्त्रानेच मरतो. सीझर कोसळताच स्वातंत्र्याची घोषणा करून ती रस्त्यारस्त्यांत पुकारायला सांगणारा कटवाला सिन्नाच असतो आणि दुसरा सिन्ना मरतो तोही रस्त्यातच. ही संगती योगायोगाची म्हणता येणार नाही.

प्राचीन ब्रूटस आणि अर्वाचीन ब्रूटस यांचे नाते तरी कितपत खरे होते? प्राचीन ब्रूटसने राजपक्षाच्या कटात सामील झालेल्या आपल्या पुत्रांना स्वतः देहदंड दिला, अशी परंपरा आहे. मग त्याचा वंश चालला कसा, हा प्रश्न प्राचीन काळीच विचारला गेला. डिओच्या मते त्या ब्रूटसला संतती उरलीच नव्हती आणि लोकांनी केवळ नामसाधर्म्याचा फायदा घेतला. प्लुटार्कने विरोधकांचा हा आक्षेप नोंदवून, एक तान्हा मुलगा वाचला होता हे पोसिडोनियसचे मतही दिले आहे. शिवाय, मार्कस ब्रूटसला त्याच्या मातृकुळातील आप्ताने दत्तक घेतलेले असल्याने त्याचे अधिकृत नाव क्विंटस केपियो ब्रूटस असे झाले होते. कायद्याने तो ज्युनियस कुळाचा राहिलाच नव्हता. तरीही इ.स.पू. ५४ च्या सुमारास टांकसाळीचा अधिकारी असताना त्याने पाडलेल्या नाण्यांवर प्राचीन ब्रूटसची प्रतिमा आहे. नावाचा हा वारसा त्याने स्वतः जोपासला होता. कॅशियसने त्याला केवळ हाक मारली.

म्हणूनच पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातील कॅशियसचे भाषण नव्याने वाचावे लागते. तो ‘ब्रूटस’ आणि ‘सीझर’ ही दोन नावे शेजारी शेजारी लिहून, उच्चारून आणि तोलून पाहायला सांगतो. दोन्ही सारखीच वजनदार असताना एकाचाच गजर का व्हावा, असा त्याचा सवाल आहे. दोन माणसांची तुलना तो दोन नावांची तुलना म्हणून मांडतो आणि ब्रूटसला त्यात काही वावगे वाटत नाही. दुसऱ्या अंकात चिठ्ठी वाचताच त्याला टार्क्विनला हाकलणारे आपले पूर्वज आठवतात आणि तो रोमला वचन देऊन बसतो. तत्त्वनिष्ठ ब्रूटस आणि अडाणी जमाव यांच्यात समीक्षक मोठे अंतर पाहतात. नावाच्या बाबतीत ते अंतर फार थोडे आहे. जमाव नाव ऐकून मारतो. ब्रूटसही नाव ऐकूनच मारायला तयार होतो.

याच संदर्भात ‘डेसियस’ या पात्राची नोंद घेणे उचित ठरेल. सीझरला सिनेटमध्ये घेऊन जाणारा हा मनुष्य म्हणजे इतिहासातील डेसिमस ज्युनियस ब्रूटस. सीझरच्या मृत्युपत्रात दुय्यम वारस म्हणून त्याचे नाव होते. नॉर्थच्या भाषांतरातून आलेल्या चुकीमुळे तो नाटकात ‘डेसियस’ झाला. तेथे त्याला सामान्यतः याच नावाने हाक मारली जात असल्याने कटात दोन ब्रूटस होते ही गोष्ट प्रेक्षकाच्या मनावर ठसत नाही. मराठीतही विश्वासघाताचा वाक्प्रचार होऊन बसलेले मरणोन्मुख सीझरचे उद्गार त्यामुळे एकाच ब्रूटसकडे रोखले जातात.

यादीतील नावे आणि रणांगणावरील नाव

सिन्नाच्या हत्येनंतर लगेच चौथा अंक उघडतो. अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस एका यादीवर वाकलेले आहेत. कोणी मरायचे हे ठरते आहे आणि त्या त्या नावापुढे टिंब पडते आहे. इ.स.पू. ४३ च्या सामूहिक वधादेशांचे हे नाट्यरूप होय. लेपिडस भावाचे नाव देतो, अँटनी भाच्याचे. जमावाने रस्त्यावर आरडाओरडा करीत जे केले, तेच येथे शांतपणे, लेखणीने होते. दोन्हीकडे माणूस प्रथम नावात रूपांतरित केला जातो आणि मग ते नाव खोडले जाते. हे दोन प्रवेश लागोपाठ ठेवून नाटककाराने जमाव आणि राज्यकर्ते यांना एकाच मापाने मोजले आहे. सिन्ना-प्रवेश गाळणाऱ्या प्रयोगांत हे माप हरवते.

याला उत्तर देणारा प्रसंग पाचव्या अंकात, फिलिपीच्या रणांगणावर येतो. लुसिलियस हा योद्धा शत्रूला चकविण्यासाठी स्वतःला ब्रूटस म्हणवून पकडला जातो. सैनिक आनंदाने ब्रूटस सापडल्याचे कळवितात. अँटनी येतो, हा ब्रूटस नव्हे हे ओळखतो आणि लुसिलियसला मारण्याऐवजी त्याला सन्मानाने वागविण्याची आज्ञा करतो. ही हकिकत प्लुटार्कमध्ये आहे. परंतु सिन्नाच्या प्रवेशानंतर वाचताना तिला नवा अर्थ येतो. सिन्ना दुसऱ्याचे नाव नाकारतो आणि मरतो. लुसिलियस दुसऱ्याचे नाव स्वीकारतो आणि वाचतो. फरक पडतो तो समोरचा मनुष्य चेहरा पाहतो की नाव ऐकतो, यामुळे. नावापलीकडचा माणूस पाहिला जाण्याचा हा नाटकातील विरळा क्षण आहे आणि तो शत्रूच्या हातून घडतो.

सीझर : व्यक्तिनामाकडून पदनामाकडे

नाटकाचे शीर्षक असलेले नावही या प्रक्रियेतून सुटलेले नाही. सीझर स्वतःविषयी वारंवार तृतीय पुरुषात, नाव घेऊन बोलतो. जणू सीझर ही त्याच्याहून वेगळी कोणी व्यक्ती आहे. ब्रूटसला सीझरच्या देहाशी वैर नाही. त्याला सीझरपणाचा अंत हवा आहे. सीझरचे शरीर न फाडता त्यातील चैतन्य तेवढे काढून घेता आले असते तर बरे, असे तो म्हणतो. आणि जमाव सिन्नाच्या काळजातून नाव उपटायला निघतो. भाषेची पातळी वेगळी, कल्पना तीच. ब्रूटसचे भाषण संपताच त्याच्यावर खूश झालेला एक नागरिक त्यालाच सीझर करा म्हणून ओरडतो. ज्या नावाचा अंत करण्यासाठी हत्या झाली तेच नाव मारेकऱ्याला बक्षीस म्हणून देऊ केले जाते.

शेवटी ते नाव मिळते ऑक्टेव्हियसला. इतिहासात मृत्युपत्राने दत्तक गेल्यावर त्याने गायस ज्युलिअस सीझर हे नाव धारण केले आणि अँटनीने त्याला सारे काही नावामुळेच मिळालेला पोर म्हणून हिणवले. नाटकात पाचव्या अंकाच्या आरंभी, युद्धाच्या योजनेवरून दोघांत खटका उडाल्यानंतर, अँटनी त्याला ‘सीझर’ असे संबोधतो आणि थोड्याच वेळात तो स्वतःचा उल्लेख दुसरा सीझर असा करतो. सीझर मेला, परंतु नाव मोकळे झाले. पुढे ते सम्राटांचे पदनाम झाले. जर्मन ‘कायझर’ आणि रशियन ‘झार’ ही त्याचीच रूपे. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीसाठी जाहीर झालेल्या ‘कैसर-ए-हिंद’ या किताबातही तेच नाव आहे. त्याच नावाचे पदक १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंना मिळाले आणि १९२० मध्ये गांधीजींनी परत केले.

एक आक्षेप

दोन सिन्ना इतिहासातच होते, प्लुटार्कने ते नोंदविले आणि शेक्सपिअरने उचलले. यात हेतुपुरस्सर रचना शोधणे हा समीक्षकाचा अतिरेक होय, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. नावे शेक्सपिअरने निर्माण केलेली नाहीत. परंतु चिठ्ठ्या बनावट करणे, त्या सिन्नाच्या हाती देणे, त्याला चालीवरून ओळखविणे, जमावाला सत्य कळल्यावरही हत्या घडविणे आणि तिच्या लगतच यादीचा प्रवेश ठेवणे, या पाच गोष्टी निवडीच्या आहेत. त्या एकाच दिशेने जातात. प्लुटार्कने फेव्होनियस म्हणून नाव दिलेल्या एका गृहस्थाला नाटकाच्या चौथ्या अंकात शेक्सपिअरने निनावी कवी केले आहे. ब्रूटस त्याला तंबूतून हाकलून देतो. त्याचा जीव मात्र शाबूत राहतो. नाव असलेला कवी मरतो आणि नाव नसलेला वाचतो, हीही याच रचनेतील एक खूण मानता येईल.

निष्कर्ष

१. सिन्ना-प्रवेश हा ओळखीच्या चुकीचा प्रवेश नसून, ओळख पटल्यावरही नावालाच शिक्षा देण्याचा प्रवेश आहे. प्लुटार्कपासून शेक्सपिअरने घेतलेली ही सर्वांत महत्त्वाची फारकत होय.

२. कटवाला सिन्ना आणि कवी सिन्ना यांचे प्रवेश परस्परपूरक आहेत. ब्रूटसला प्रवृत्त करणारे नामसाधर्म्य आणि कवीचा बळी घेणारे नामसाधर्म्य या एकाच वृत्तीच्या दोन बाजू होत.

३. त्यामुळे ब्रूटसची तत्त्वनिष्ठा आणि जमावाचा अविवेक यांना परस्परविरोधी टोके मानणारे वाचन अपुरे ठरते.

४. नाटक शिकविताना तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश अँटनीच्या भाषणाची पुरवणी म्हणून न शिकविता, पहिल्या अंकातील चिठ्ठ्या आणि चौथ्या अंकातील यादी यांच्यासह शिकविणे आवश्यक आहे.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये एका तरुणीने नावाला अर्थ नसतो असे मानले होते. त्या श्रद्धेची किंमत तिला आणि तिच्या प्रियकराला मोजावी लागली. त्यानंतर काही वर्षांतच लिहिलेल्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये तोच प्रश्न प्रेमाच्या क्षेत्रातून राजकारणात येतो. तेथे त्याचे उत्तर एका कवीला रस्त्यावर मिळते. मनुष्याने आपली ओळख कितीही स्पष्टपणे सांगितली तरी ती ऐकून घेणारा कोणी समोर असावा लागतो. फिलिपीच्या रणांगणावर लुसिलियसला तो भेटला. रोमच्या रस्त्यावर सिन्नाला भेटला नाही.